पोरींची फुटबॉल टीम काढायची, तर आधी मैदान मागा

"मॅडम, आमच्या गावात पोरींची टीम काढायची आहे. पालकांना कसं पटवायचं तेवढं सांगा." सीझन सुरू झाला की असे फोन येतात. कधी एखाद्या शाळेचे क्रीडाशिक्षक असतात, कधी तालमीतला एखादा जुना खेळाडू, ज्याची स्वतःची मुलगी आता दहा-अकरा वर्षांची झालेली असते. मी कोल्हापुरात शारीरिक शिक्षण शिकवते आणि शाळा सुटल्यावर पेठेतल्या मुलींची टीम घेते. फोन करणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न एकच असतो: पालकांचं नंतर बघू, मैदान मिळालंय का?

आधी मैदान आणि वेळ. मग संडास, कपडे, चेंडू, हिशोब, रेफ्री. पालकांची मनं वळवायची, पण हे सगळं हातात असताना. कारण माणसाचं मत बदलायला वर्षं लागतात, आणि तोवर पोरगी मोठी होऊन खेळायचं वय निघून जातं. बायकांना फुटबॉलमधून बाहेर काढलं तेव्हा नेमकं काय काय काढून घेतलं, हे नीट बघितलं की आपण काय मागायचं ते कळतं. म्हणून या लेखात मधे मधे इतिहास येईल. तो टीमच्या कामाचा आहे.

मैदान

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन शहरातल्या डिक, कर कंपनीत दारूगोळा बनवणाऱ्या मुलींनी सुट्टीत चेंडू खेळता खेळता टीम उभी केली. १९१७ च्या नाताळात डीपडेलच्या मैदानावर त्यांची मॅच झाली, १०,००० माणसं आली आणि जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी ६०० पौंडांहून जास्त रक्कम जमली. युद्ध संपलं तरी मुली खेळत राहिल्या. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या मुलींशी मॅच होती. ५३,००० प्रेक्षक आत आणि काही हजार दाराबाहेर. प्रेस्टनच्या मुली ४-० ने जिंकल्या. त्यांच्यात लिली पार नावाची पंधरा वर्षांची डावखुरी पोरगी होती, जिचा शॉट अडवणं पुरुष गोलकीपरलाही जड जायचं म्हणतात.

पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. हा खेळ बायकांना अजिबात योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. लोक हेच वाक्य लक्षात ठेवतात. माझ्या मते त्या ठरावातलं खरं हत्यार दुसरं आहे: संलग्न क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या मॅचला देऊ नयेत. एवढ्यानं काम झालं. स्टेडियम गेलं तसं तिकीट गेलं, तिकिटाबरोबर पेपरातली बातमी गेली. मुली रग्बीच्या मैदानांवर, बागांमध्ये, कुरणांत खेळत राहिल्या, पण त्यांना बघायला येणारी गर्दी आटली. पुढच्या दोन पिढ्या बाई खेळताना न बघताच मोठ्या झाल्या, आणि 'बायका कुठं फुटबॉल खेळतात?' हा प्रश्न त्यांना साहजिक वाटू लागला. ही बंदी जवळजवळ ५० वर्षं टिकली. असोसिएशननं माफी मागितली ती २००८ साली.

जर्मनीच्या फुटबॉल संघटनेनं १९५५ मध्ये हेच केलं. क्लबांनी बायकांना मैदान द्यायचं नाही आणि रेफ्रींनी त्यांच्या मॅचला जायचं नाही. ते १९७० पर्यंत चाललं. ब्राझीलमध्ये तर १९४१ साली सरकारी हुकूमच निघाला की स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ तिनं खेळू नयेत. तो १९७९ ला उठला. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या त्या देशात अर्ध्या लोकांना चेंडूला पाय लावायची कायद्यानं मनाई होती.

आपल्याकडे असा ठराव कुणी केला नाही. गरजच पडली नाही. आमच्या पेठेत फुटबॉल घराघरांत आहे. घरातले आजोबा, काका, भाऊ शाहू स्टेडियमला जायचे आणि आम्ही बहिणी गर्दीच्या आवाजावरून गोल कुणी मारला ते ओळखायचो. कुणीही आम्हाला 'येऊ नका' म्हणालं नव्हतं. मैदान मुलांनी भरलेलं असायचं, एवढंच.

तेव्हा मागायचं कसं ते सांगते. तोंडी मागू नका. शाळा असेल तर मुख्याध्यापकांना, गाव असेल तर ग्रामपंचायतीला, मंडळाचं मैदान असेल तर अध्यक्षांना अर्ज द्या. अर्जात वार लिहा, वेळ लिहा, मैदानाचा कोणता भाग तेही लिहा. 'मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी ५ ते ६.३०, कमानीकडचा अर्धा भाग' असं. 'मुलींना खेळायला संधी मिळावी' असं मोघम लिहिलंत तर मोघम होकार मिळतो, आणि तो पहिल्याच आठवड्यात विरून जातो. खाली चार-पाच आयांच्या सह्या घ्या. एका प्रतीवर पोच घेऊन ती जपून ठेवा.

वेळ संध्याकाळचीच मागा. मुलींना हमखास दुपारी दोनचं ऊन किंवा पहाटेचा अंधार देऊ करतात, 'तेव्हा मैदान रिकामं असतंय' म्हणून. पहाटे पोरीला एकटं कोण पाठवणार? आणि संध्याकाळी माणसं मैदानावर असतात. त्यांनी मुलींना खेळताना बघणं हा या कामाचा अर्धा भाग आहे.

मग एक दिवस निरोप येतो: "आज मुलांची सेमीफायनलची तयारी हाय, आजच्या दिवस सोडा की." आमच्याही वाट्याला हा निरोप पुष्कळदा आला. भांडू नका, पण मैदान सोडूही नका. अर्ध्या भागाचा पाव भाग घ्या, पण त्या दिवशी, त्या वेळेला, मुली जर्सी घालून मैदानावर दिसल्या पाहिजेत. एकदा सोडलेला मंगळवार परत मिळत नाही.

संडास, कपडे, रंग

मैदानाच्या दोनशे पावलांत मुलींना वापरता येईल असा, आतून कडी लागणारा, पाणी असलेला संडास शोधा. नसेल तर शेजारच्या घरातल्या काकूंना विचारा. बहुतेक जणी हो म्हणतात. टीममधून गळणाऱ्या मुलींची कारणं मी विचारत आले आहे. घरचा विरोध या कारणाच्या खालोखाल हे कारण येतं, आणि ते कुणी मोठ्यानं सांगत नाही.

पॅन्ट गडद रंगाची घ्या. काळी किंवा गडद निळी. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या पॅन्टची धास्ती मुलीच्या डोक्यात असते आणि ती धास्ती पायात उतरते. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातल्या मुलींनीसुद्धा हे बोलून दाखवलं आणि २०२३ च्या वर्ल्ड कपच्या आधी त्यांच्या पांढऱ्या पॅन्ट बदलून निळ्या केल्या. तुम्ही पुरुष प्रशिक्षक असाल तर एखादी आई किंवा शिक्षिका सरावाला कायम हजर ठेवा, तिच्याकडे पॅड ठेवा, आणि पाळी आली म्हणून मुलीला बाकावर बसवू नका. खेळायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. स्पोर्ट्स ब्रा हा किटचाच भाग आहे. शूज आणि शिनपॅडच्या यादीत ती लिहून टाका, म्हणजे आईला आणि मुलीला त्यावर वेगळं बोलावं लागत नाही.

पॅन्टची लांबी हा वादाचा मुद्दा करू नका. पहिल्या वर्षी लेगिंग्जवर पॅन्ट घालून खेळू द्या. डोक्याला स्कार्फ बांधणारी मुलगी टीममध्ये आली तर रेफ्री काय म्हणतील ही काळजी नको. २०११ साली याच कारणावरून इराणच्या मुलींना ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत जॉर्डनविरुद्धची मॅच खेळू दिली नव्हती. त्यावर जगभर बोललं गेलं आणि २०१४ मध्ये नियम बदलून डोकं झाकायला रीतसर परवानगी मिळाली. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून खेळली. स्कार्फ घट्ट बसणारा असावा, पिन नसावी, जर्सीच्या रंगाशी जुळावा. स्थानिक स्पर्धेला जाताना हा नियम छापून बरोबर न्या.

चेंडू आणि खेळाची लांबी

बंदी उठल्यावरही बायकांना पूर्ण खेळ दिला नाही, छोटा करून दिला. १९८४ च्या पहिल्या युरोपियन स्पर्धेत त्यांना ४ नंबरचा चेंडू आणि ७० मिनिटांची मॅच होती. १९९१ मध्ये चीनला पहिला वर्ल्ड कप झाला तेव्हाही मॅच ८० मिनिटांचीच. त्या आधी, १९७१ मध्ये, मेक्सिकोत एक अनधिकृत वर्ल्ड कप झाला होता. ॲझटेका स्टेडियममध्ये फायनलला लाखाच्या वर माणूस होता आणि डेन्मार्कच्या पंधरा वर्षांच्या सुझान ऑगस्टेसेननं मेक्सिकोवर तीन गोल केले. तरी वीस वर्षांनी मोठी माणसं बसून विचार करत होती की बायकांना ९० मिनिटं झेपतील का.

म्हणून चेंडू वयानुसार घ्या, मुलगी आहे म्हणून लहान घेऊ नका. बारा वर्षांखाली ४ नंबर, मुलगा असो की मुलगी. त्यापुढे ५ नंबर, ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा. पोरी कमी असतील तर सात-सातची मॅच लावा, पण कारण स्पष्ट सांगा: आपण चौदाच आहोत म्हणून. गोलपोस्ट मोठे वाटले तर वाटू द्या. जिल्ह्याला गेल्यावर ते तेवढेच असणार आहेत.

पहिल्या सरावाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे बरेच जण मुलांच्या टीमची पद्धत उचलतात. पेठेतला मुलगा दहा वर्षांचा होतो तेव्हा त्यानं गल्लीत सात वर्षं चेंडू मारलेला असतो. त्याच वयाच्या मुलीनं चेंडू हातात घेऊन शेजाऱ्याला परत दिलेला असतो. तिच्यात कमी काही नाही, ती सात वर्षं तिला मिळाली नाहीत इतकंच. ती भरून काढायची तर पहिले दोन महिने चेंडूला जास्तीत जास्त वेळा पाय लागेल असंच सगळं बसवायचं.

दोन मुलींत एक चेंडू असायलाच हवा. एका चेंडूमागं वीस मुली पळवू नका, आणि फेऱ्या मारायला लावून सुरुवात करू नका. फेऱ्यांनी पोरी दमतात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत. पहिली वीस मिनिटं चेंडू पायाखाली घेणं, तळव्यानं ओढणं, आतल्या बाजूनं ढकलणं, वळणं. मग चौघी कडेला आणि एक मधे, मधलीनं चेंडू हिसकावायचा. उरलेला सगळा वेळ चार-चारची मॅच, छोट्या गोलवर, गोलकीपरशिवाय. मॅच पहिल्याच दिवशी झाली पाहिजे. गोल मारल्याशिवाय पोरगी घरी गेली तर ती आजीला सांगणार काय?

पहिल्या आठवड्यात मुली एकमेकींना 'सॉरी' म्हणत राहतील. धक्का लागला की सॉरी, चेंडू घेतला की सॉरी. मी ते थांबवते. "चेंडू तुझा हाय, माफी कसली मागतीस?" अंगाला अंग लावून चेंडू राखायचा, खांदा लावायचा, हे वेगळं शिकवावं लागतं आणि ते शिकताना मुलींच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो मी दुसऱ्या कशात बघितला नाही. आवाज द्यायलाही शिकवा. 'माझा!', 'मागं बघ!', 'सोड!' अशी हाक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेली पाहिजे. घरात हळू बोल म्हणून वाढवलेल्या मुलीला हे सर्वांत अवघड जातं.

एक गोष्ट मात्र मुलींसाठी खास करा: गुडघे सांभाळा. गुडघ्यातला लिगामेंट तुटायचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो का ते बघा. फिफानं तयार केलेला '११ प्लस' नावाचा वॉर्मअप आहे, साधारण वीस मिनिटांचा, फुकट मिळतो, साहित्य काही लागत नाही. आठवड्यातून किमान दोनदा तो करून घ्या. शिवाय रक्त तपासून घ्या. आपल्याकडे पोरींचं हिमोग्लोबिन बरेचदा कमी असतं आणि आपण त्याला आळस म्हणून मोकळे होतो.

आता घरी जा

टीम महिनाभर मैदानावर दिसली की घरोघरी जा. आधी आजीला भेटा. पेठेतल्या घरात आजी हो म्हणाली की बाकीचे गप्प बसतात. आणि आजीला फुटबॉल कळतो, हे विसरू नका. नवरा, दीर, पोरं यांच्या मॅचचे निकाल ऐकत तिनं आयुष्य काढलेलं असतं.

शंका ठरलेल्या असतात. ऊन लागून काळी पडेल. पायाला मार बसला तर उद्या लग्नात विचारतील. आणि सर्वांत हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न: पोटाला मार बसला तर पुढे मूल होईल ना? या शंकेला चिडून उत्तर देऊ नका. ती मोठमोठ्या डॉक्टरांनी पेरलेली आहे. १९२१ च्या बंदीच्या वेळी लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या डॉक्टर मेरी शार्लीब यांनी सांगितलं होतं की हा खेळ बाईच्या शरीराला झेपणारा नाही. या शार्लीबबाई साध्या नव्हत्या. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात ज्या पहिल्या मोजक्या स्त्रिया शिकल्या त्यांतल्या त्या एक, आणि मद्रासमध्ये पडद्यातल्या बायकांसाठी इस्पितळ उभं करण्यात त्यांचा पुढाकार होता. जिनं स्वतःसाठी बंद दार उघडून घेतलं, तिलाही फुटबॉलचं दार बंदच असावं असं वाटलं. म्हणून एखाद्या शिकलेल्या, कर्तबगार मुख्याध्यापिकाबाई तुमच्या टीमला नाही म्हणाल्या तर त्यांना खलनायिका ठरवू नका. त्यांना मॅच बघायला बोलवा.

मूल होण्याबद्दल सांगायला आज मैदानावरचीच उदाहरणं आहेत. अमेरिकेची ॲलेक्स मॉर्गन २०२० मध्ये आई झाली आणि त्यानंतर ऑलिंपिक आणि वर्ल्ड कप खेळली. मोबाइलवर तिचा मुलीला कडेवर घेतलेला फोटो दाखवा. माझ्या दहा वाक्यांपेक्षा तो फोटो जास्त बोलतो.

वडिलांना घरी भेटून फार उपयोग नसतो. त्यांना मैदानावर काम द्या. रेषा मारायला, गोलची जाळी बांधायला, चेंडूत हवा भरायला. एका मुलीचे वडील 'पोरीस्नी कशाला ह्यो खेळ' म्हणत दाराआडून बोलले होते. जाळी बांधायला आले, आणि पुढच्या मॅचला गोलमागे उभे राहून लेकीला 'डावीकडं टाक, डावीकडं!' म्हणून ओरडत होते. मतं अशी बदलतात. माणसाचा हात कामात गुंतला की तोंडातलं वाक्य आपोआप मागं पडतं.

नोकरीची आमिषं आधी दाखवू नका. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात, हे खरं आहे आणि विचारलं तर जरूर सांगा, अटी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून लेखी आणून सांगा. पण पोरगी खेळते ती खेळ आवडतो म्हणून, हे कारण पुरेसं आहे हे घराला कळू द्या. मुलाला खेळायला सोडताना कुणी नोकरीचं विचारत नाही.

पैसे आणि बक्षिसं

१९२१ च्या ठरावात पैशाचाही आरोप होता. धर्मादायासाठी जमलेल्या रकमेतला फार मोठा हिस्सा खर्चात जातो, असं असोसिएशन म्हणाली. ज्या मुलींनी एकट्या गुडिसन पार्कवर ३,००० पौंडांच्या वर निधी जमवला, त्यांच्यावर. तुमच्या टीमवरही संशय असाच येईल, आणि मुलांच्या टीमवर येतो त्यापेक्षा लवकर येईल. वही ठेवा, दर महिन्याला पालकांसमोर वाचून दाखवा, पावत्या चिकटवा. चेंडू, बिब, कोन, शिट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी एवढ्यात सुरुवात होते. जुने शूज मागायला लाजू नका, पण मापाचेच घ्या. भावाचे दोन नंबर मोठे शूज कापूस कोंबून घालायला लावले तर पोरगी पडणारच. मंडळाच्या वर्गणीतून मुलांना जर्सी मिळत असतील तर मुलींच्या जर्सीही त्याच वर्गणीतून मागा. वेगळा देणगीदार शोधायला लागू नका, कारण तो पुढच्या वर्षी नसतो.

स्पर्धा भरवाल तर बक्षिसांवर लक्ष ठेवा. १९८९ मध्ये जर्मनीच्या मुलींनी नॉर्वेला ४-१ ने हरवून युरोपचं विजेतेपद घेतलं. त्यांच्या संघटनेनं प्रत्येकीला काय दिलं? फुलांची नक्षी असलेला कॉफीच्या कपबशांचा सेट. आपल्याकडेही मुलींच्या स्पर्धेला डबे, डिनर सेट, कुकर आणणारे देणगीदार भेटतात. मनानं चांगले असतात. त्यांना नम्रपणे सांगा की शूज द्या, चेंडू द्या, नाहीतर मुलांच्या स्पर्धेला जेवढी रोख रक्कम देता तेवढीच इथे द्या. मुलींची फायनल मुलांच्या फायनलच्या आदल्या दिवशी सकाळी उरकू नका. एकाच संध्याकाळी, आधी मुलींची, मग मुलांची. मुलांच्या मॅचसाठी जागा धरायला लवकर आलेली गर्दी मुलींची मॅच बघते, आणि दुसऱ्या वर्षी त्यातली काही जण मुद्दाम त्याच मॅचला येतात.

रेफ्री आणि प्रेक्षक

मुलींच्या मॅचला 'कुणीतरी शिट्टी वाजवेल' हे चालवून घेऊ नका. प्रशिक्षित रेफ्री आणि दोन लाइनमन मागा, मानधन द्या. टीममधल्या ज्या मुलींना नियमांची आवड आहे त्यांना सराव मॅचमध्ये शिट्टी द्या. गोव्याच्या उव्हेना फर्नांडिस यांनी आंतरराष्ट्रीय मॅचमध्ये असिस्टंट रेफ्री म्हणून काम केलं आहे. १ डिसेंबर २०२२ ला पुरुषांच्या वर्ल्ड कपमधली जर्मनी-कोस्टारिका मॅच स्टेफनी फ्रापार यांनी घेतली आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना असिस्टंटही बायकाच होत्या. ज्या जर्मनीत एकेकाळी रेफ्रींना बायकांच्या मॅचला जायला मनाई होती, त्याच जर्मनीच्या पुरुषांना त्या दिवशी एका बाईची शिट्टी ऐकून थांबावं लागलं.

शेरेबाजी होईल. पहिल्या मॅचच्या आधी तालमीतल्या दोन वजनदार माणसांना विनंती करा आणि गर्दीत उभं करा. पेठेत कुणाचं कोण ऐकतं हे तुम्हाला माहीत असतं. आणि आयांसाठी बसायची जागा राखा, सावलीतली, मधोमध. जागा ठेवली नाही तर त्या कडेला भिंतीपाशी उभ्या राहतात आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून निघून जातात.

नोंद

लिली पारनं नेमके किती गोल केले हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. हजाराच्या आसपास म्हणतात. असोसिएशननं ज्या मॅच मानल्याच नाहीत त्यांची अधिकृत वही कुठून असणार? आपल्याकडेही तेच. भारतात बायकांच्या फुटबॉलची वेगळी संघटना १९७५ मध्ये निघाली, आपला संघ बायकांच्या फुटबॉलच्या आशिया कपमध्ये दोनदा उपविजेता झाला, १९८३ मध्ये शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हे मी माझ्या टीमला सांगते तेव्हा मुली विचारतात, "मग आम्हास्नी कुणी सांगितलं का न्हाई?" शाळांचा सुब्रतो कप १९६० पासून आहे, त्यात मुलींचा गट आला २०१२ साली. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, स्पेननं कोलंबियाला हरवलं. २०२५ च्या जुलैत संगीता बासफोरनं थायलंडला त्यांच्याच मैदानावर दोन गोल मारले आणि भारत त्याच आशिया कपला पात्र ठरला. पेठेत मेस्सी-रोनाल्डोचे फ्लेक्स लागतात, संगीताचा मी अजून बघितला नाही. आमच्या सरावाच्या खोलीत तिचा फोटो लावला आहे.

म्हणून टीमची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. मॅचची तारीख, मैदान, दोन्ही टीमची सगळी नावं, कुणी गोल मारला, कितव्या मिनिटाला, रेफ्री कोण. नाव पूर्ण लिहा, आईवडिलांचं नाव आणि आडनावासकट. मॅचनंतर त्याच रात्री लिहा आणि पानाचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाका. स्थानिक वार्ताहराला निकाल स्वतः पाठवा, 'मुलींच्या गटात' एवढंच न लिहिता गोल मारणारीचं नाव पहिल्या ओळीत घालून. जिल्हा संघटनेकडे नोंदणी करताना जन्मदाखला, आधार, दोन फोटो आणि शाळेचं पत्र प्रत्येक मुलीच्या नावानं वेगळ्या पाकिटात तयार ठेवा. निवड चाचणीची तारीख आयत्या वेळी कळते, आणि कागद नाही म्हणून चांगली खेळाडू घरी राहते.